दर ईदला पुसायचा डाग

आमच्या रोह्याच्या घरात भिंतीवर माणसाचा फोटो लावत नाहीत. सजीवाचं चित्र असलेल्या खोलीत नमाज पढू नये, असं सासू हाजराचं म्हणणं. त्यामुळे माझ्या लग्नाचे फोटो कपाटात बंद आणि बैठकीत एकटा अवचितगडाचा फोटो. तो नवऱ्याच्या परदादांनी काचेच्या प्लेटवर टिपलेला. त्यात कड्याच्या टोकाला एक पांढुरका डाग आहे. दर ईदला मी तो घासते, दर ईदला तो तिथंच. माझ्या हातात जोर नाही म्हणे. परदादांची बायको, परदादी, तर इतकी भित्री, की मरेपर्यंत माळ्यावरही चढली नाही. तिच्या गोष्टी सांगून घरात अजून हसतात. मीही हसले आहे.

नवरा तमीम कतारहून सुटीवर आला तो या फोटोचं वेड डोक्यात घेऊनच. सपाट वाळू बघून कंटाळला होता, त्याला डोंगरापुढे लहान व्हायचं होतं. म्हटलं, घरातही हो की जरा. त्याने तसलाच जुना लाकडी कॅमेरा मिळवला. भिंगावरचं झाकण काढून बराच वेळ थांबायचं, समोरच्यानं हलायचं नाही, तेव्हा कुठे चित्र उमटतं.

आम्ही गडावर गेलो. खरं सांगते, कड्यावरून कुंडलिका नदीचं खोरं पाहिलं. भीती वाटत होती आणि नजरही हटत नव्हती. तमीमला मात्र डोंगर पुरेसा मोठा दिसेना. शेजारी माणूस हवं म्हणून त्याने मला टोकावर उभं केलं.

"मागं सर गो. अजून जरा. आता हलू नको."

टाचेखालची माती सुटली. खडे खाली गेले, त्यांचा आवाज काही आला नाही. मी मटकन बसले आणि रांगत आत आले. तमीमने आधी झाकण लावलं, मग म्हणाला, हललीस. लागलं का, हे विचारलंच नाही. मला त्याचा इतका राग आला की मी त्याला मागे टाकून एकटीच गड उतरले.

ईदच्या आदल्या दिवशी त्याने पेणहून फोटो मोठा करून, चौकट बसवून आणला. डोंगर अफाट आला होता. टोकाला, माझ्या ओढणीच्या जागी, पांढुरका डाग.

"बरं झालं," तो खुशीत म्हणाला. "माणूस वळखूच येत नाय. आता भिंतीवर लावता येल."

माझ्या हातात जोर नाही म्हणून यंदा सासूच जुनी चौकट पुसायला लागली होती. मी तिचा हात धरला.

"पुसू नका, अम्मा. डाग नाय तो. परदादी हाय."

तिचं फडकं काचेवरच थांबलं. तमीम खिळा शोधत होता.