नावापुढची कंपनी

माझा स्वभाव तापट. हे मी कौतुकानं सांगत नाही. हौसाला, म्हणजे माझ्या बायकोला विचारलंत तर ती उदाहरणांसकट सांगेल. पण रोह्याच्या एका केमिकल कंपनीच्या टाइम ऑफिसात माझ्या तापटपणाला पगार मिळत होता. सकाळी गेटवर उभं राहायचं, उशिरा आलेल्याच्या कार्डावर लाल शेरा मारायचा आणि तो गयावया करू लागला की त्याच्यावर ओरडायचं. असं मी चौदा वर्षं केलं. लोक मला पाठीमागे काय म्हणायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

कुत्रे माझ्या आयुष्यात आले ते लतिकाबाईंमुळे. त्या आमच्या घरमालकीण, रिटायर झालेल्या शिक्षिका, एकट्याच राहायच्या. त्यांच्याकडे शेरू नावाचा अल्सेशियन होता, वासराएवढा. पंच्याण्णव सालच्या पावसाळ्यात बाई अंगणात घसरल्या आणि पाय मोडून बसल्या. शेरू दोन दिवस दारात बसून रडला. तिसऱ्या दिवशी मीच वैतागून त्याची साखळी धरली आणि त्याला कुंडलिका नदीच्या काठानं फिरवून आणलं. परत आलो तर हौसा माझ्याकडे बघतच राहिली.

"चा थंड झाला तरी तुमी आज बोंबलला नाय?" ती म्हणाली.

खरंच बोंबललो नव्हतो. माझं लक्षच नव्हतं चहाकडे.

पुढे कंपन्यांच्या कॉलनीतले साहेब लोक मला वाटेत अडवून विचारू लागले. मिजाशीत कुत्रा आणायचा आणि शिफ्टपायी तो दिवसभर बांधून ठेवायचा, असं त्यांचं चाललेलं. दिवाळीपर्यंत माझ्याकडे पाच झाले. शेरू, दोन डॉबरमन, एक बॉक्सर आणि स्वीटी नावाची पांढरी पॉमेरेनियन. दिसायला मूठभर, पण बाकीचे चौघे तिला टरकून असायचे.

आणि मग गेटवर मलाच उशीर होऊ लागला. ज्या दिवशी मी स्वतःच्या हातानं स्वतःच्या कार्डावर लाल शेरा मारला, त्या दिवशी रांगेतल्या कामगारांनी टाळ्या वाजवल्या. मला राग यायला हवा होता. आलं हसू. चौदा वर्षं मी माणसांची मिनिटं मोजली आणि एकही माणूस मला बघून कधी खूश झाला नाही. इकडे पाच जनावरं मला नुसतं कोपऱ्यावर बघून उड्या मारत होती. मी दिवाळीचा बोनस घेतला आणि राजीनामा दिला.

हौसाला सांगताना मी दारापाशीच उभा राहिलो होतो, पळायला बरं म्हणून. तिनं हातातलं लाटणं खाली ठेवलं. मग म्हणाली, "इतकी वरसं सायबांचं भुंकनं ऐकलं. आता खऱ्या कुत्र्यांचं ऐका. ते निदान घरी येऊन माज्यावर काढावं लागनार नाय." दुसऱ्या दिवशी तिनं जाड कापडाचे पाच पट्टे शिवले. एवढं मन असलेली बायको मला कशी मिळाली हे मला अजून कळलेलं नाही.

आईला मात्र मी सांगितलं नाही. आई, काशीबाई, आणि माझी धाकटी बहीण नम्रता पेणजवळच्या आमच्या खाडीकाठच्या गावात राहायच्या. मला शिकवण्यासाठी आईनं मिठागरात काम केलं होतं. गावात कुणी काहीही विचारलं तरी "पोर कंपनीत हाय" हे तिचं ठरलेलं उत्तर. तब्येत कशी आहे विचारलं तरी हेच. अशा बाईला मी कुठल्या तोंडानं सांगणार की तुझा पोर आता कुत्रे फिरवतो? मी दर रविवारी गावी जायचो, ती "ड्युटी कशी हाय?" म्हणून विचारायची, मी "बरी हाय" म्हणायचो आणि जेवायला बसायचो.

अशात नम्रताचं लग्न ठरलं. मुलगा प्रविण, एस्टीत कंडक्टर, वडखळच्या पलीकडच्या गावातला. शांत मुलगा, नम्रताला मनापासून आवडलेला. त्याचे वडील हैबतराव ठाकूर माजी सरपंच. आवाज मोठा आणि शब्दाला पक्का माणूस. दोन्ही घरांनी मिळून एकच पत्रिका छापायची ठरली.

आता आमच्याकडची पत्रिका ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तिच्यात देवांनंतर माणसांची नावं येतात, आणि बहुतेकांच्या नावापुढे कंसात ते कुठे असतात हे येतं. कुणापुढे कंपनीचं नाव, कुणापुढे शाळेचं, कुणापुढे ग्रामपंचायतीचं. पत्रिका हातात आली की लोक लग्नाची तारीख नंतर बघतात, आधी कंस वाचतात.

पेणच्या प्रेसमध्ये मी आणि आई गेलो होतो. प्रेसवाल्यानं पेन्सिल कानामागून काढली आणि विचारलं, "मुलीच्या भावाच्या नावापुढे काय?"

मी तोंड उघडलं. त्याआधीच आईनं कंपनीचं नाव सांगितलं, चांगलं मोठ्यानं. सांगून ती माझ्याकडे बघत राहिली. प्रेसवालाही थांबला. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. मग त्यानं लिहून घेतलं.

एवढीच माझी चूक. एक शब्द बोललो असतो तर पुढचं काही झालं नसतं.

हैबतरावांनी आपल्या भावकीत दीडशे घरी पत्रिका वाटल्या, "सुनेचा भाऊ कंपनीत" असं प्रत्येक ओटीवर सांगत. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. ज्या कंपनीचं नाव छापलं तिथल्या साहेबांना हातात पत्रिका द्यायला हवी, म्हणून ते कुणाला न सांगता रोह्याला आले. गेटवरच्या वॉचमननं त्यांना सांगितलं, "म्हात्रे? त्यांनी दिवाळीलाच सोडली. नदीवर बघा, कुत्रे घेऊन असतील."

मी काठानं परत येत होतो. समोरून पांढरी टोपी आली, बगलेत पिशवी. ओळखलं तेव्हा माझ्या हातातले पाचही पट्टे घामानं ओले झाले.

हैबतरावांनी एकेका कुत्र्याकडे नीट बघितलं. "पावणं, ह्यातला तुमचा कंचा?"

"एक पन नाय. लोकांचे हायत. मी फिरवतो. आता हेच काम करतो."

"वॉचमन बोलला तवा मना वाटलं थट्टा करतोय." त्यांनी पिशवीतून पत्रिका काढली आणि माझ्या नावावर बोट ठेवलं. "हे छापलंय ते खरं का खोटं?"

"खोटं."

"दीडशे घरांत मी हे खोटं वाटून आलोय," ते म्हणाले. त्यांचा तो मोठा आवाज एकदम लहान झाला होता. "उद्या सकाळी घरी येतो. तवर लग्न धरू नका."

ते निघून गेले. एरवी मी कुणाच्याही चार शब्दांना आठ शब्द परत दिले असते. त्या दिवशी शेरूनं ओढलं म्हणून घरी पोचलो.

हौसानं सगळं ऐकलं आणि माझ्या हातातून पट्टे काढून घेतले. जन्मात तिनं कुत्र्याला हात लावला नव्हता. "तुमी आयेकडं जा. सांजची फेरी मी मारते. स्वीटीला फुडं ठेवते, बाकीचे येतील मुकाट."

दुपारच्या एस्टीनं मी गावी गेलो. आई ओटीवर सुका जवळा निवडत बसली होती, नम्रता शेजारी. मी उभ्याउभ्याच एका दमात सांगून टाकलं. नोकरी, कुत्रे, हैबतराव, सगळं. नम्रताचा चेहरा उतरला. आईचा हात मात्र सुपातून थांबला नाही.

"मना ठाव हाय," ती म्हणाली.

"काय ठाव हाय?"

"शिमग्याच्या येळेला मी शेजारनीबरोबर रोह्याला आयलेली. एस्टी पुलावरनं जात होती. खाली तू होतास, त्या कुत्र्यांबरोबर. हसत होतास. पोरपनानंतर तुला तसा हसताना मी बगितलाच नव्हता. घरी आयली नाय तुज्या. तशीच परत आयली."

"मंग आये, प्रेसमदी कंपनीचं नाव कशाला सांगितलंस?"

आता तिचा हात थांबला. "तू 'नाय गो आये' बोलशील म्हनून. वाट बगत होती मी. तू गप. मना वाटलं, पोराला त्या कामाची लाज वाटते, त आपुन कशाला उगडं पाडा?"

मी तिथंच बसलो आणि रडलो. मी तिची लाज राखत होतो, ती माझी राखत होती, आणि आम्ही दोघांनी मिळून नम्रताचं लग्न मोडायला आणलं होतं.

"दादा, रडून झालं का?" नम्रता म्हणाली. तिचेही डोळे भरले होते, पण आवाज कडक. "मना प्रविणशीच लगीन करायचं हाय. उद्या काय बोलायचं त्याचा इचार करा."

सकाळी हैबतराव आले, बरोबर प्रविण. चहा ठेवला, त्याला त्यांनी हात लावला नाही.

"कुत्र्यांचं मना काय नाय," ते म्हणाले. "चोरी नाय, लबाडी नाय, काम हाय. पन जो मानूस सोताच्या नावापुढं खोटं छापतो, त्याच्या घरची सोयरीक कशी धरायची? उद्या दुसरं काय खोटं निगंल?"

"चूक माजी हाय," मी म्हणालो. "नम्रताला त्यात धरू नका. तिला काल दुपारपर्यंत काय म्हाईत नव्हतं."

तेव्हा आई उठली. आमच्याकडे बाया सोयरिकीच्या बोलण्यात मध्ये पडत नाहीत. ती पत्रिका घेऊन हैबतरावांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"हैबतराव, मना वाचता येत नाय. ह्यात माजं नाव कुटं हाय?"

त्यांनी बोटानं दाखवलं.

"त्याच्यापुढं काय छापलंय?"

"काय नाय," हैबतराव म्हणाले.

"तीस वरसं मी डोक्यावरनं मीठ व्हायलं. पायाच्या भेगांतनं मीठ जायचं, रातभर झोप नाय लागायची. त्याचं काय नाव छापायचं, असं मना कोनी इचारलं नाय. मी पन नाय सांगितलं. तुमी पन मिठागरात राबलात ना जवानीत? तुमच्या नावापुढं माजी सरपंच तेवडंच हाय. कंपनी लिवली, खुर्ची लिवली, तरच ते काम, असं आपुन सगल्यांनीच धरलंय. माज्या पोरानं पन तेच धरलं. खोटं छापलं ती चूक हाय. पन ती त्याची एकट्याची नाय."

हैबतरावांनी पत्रिकेवरच्या आपल्या नावावरून बोट फिरवलं. मग त्यांनी निवलेला चहा एका घोटात संपवला.

"छापलेलं माघारी घेता येत नाय," ते मला म्हणाले. "पन बोलता येतं. माज्याबरोबर चला. दीडशे घरं हायत. दर घरी सोताच्या तोंडानं सांगायचं, कंपनी सोडली, आता काय करता ते. एक घर जरी टाललंत, त सोयरीक नाय."

प्रविणनं मान खाली घातली. दाराआडून नम्रता माझ्याकडे बघत होती. मी पायात चपला सरकवल्या.

तीन दिवस लागले. तेवढे दिवस रोह्यात कुत्र्यांच्या फेऱ्या हौसानं मारल्या. पहिल्या ओटीवर मी चपला काढायलाच बराच वेळ लावला. "मी महिपती म्हात्रे, मी कंपनी सोडली, मी कुत्रे फिरवतो," एवढं सांगायला मला घाम फुटला. आतून बाया फिदीफिदी हसल्या. कुठे लोकांनी कीव केली, कुठे उपदेश. एका घरी एक जण म्हणाला, "पट्टा कुत्र्याच्या गळ्यात का तुमच्या?" जुना मी असतो तर त्याची कॉलर धरली असती. पण ओढणाऱ्या कुत्र्याला आपणही ओढलं की तो जास्तच ओढतो, हे मी आता सहा महिने रोज बघत होतो. "कदी त्याच्या, कदी माज्या," मी म्हणालो. तो हसला आणि त्यानं बसायला पाट दिला. पुढे एका म्हाताऱ्यानं आपला चावरा कुत्रा दाखवून काय करावं ते विचारलं, तर तिथे आमचा अर्धा तास गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी कुणी विचारायच्या आधीच सांगू लागलो होतो.

हैबतराव दर घरी माझ्या मागे उभे राहायचे, हाताची घडी घालून. तीन दिवसांत त्यांनी माझ्या बाजूनं एक शब्द काढला नाही. मला पाव्हणं म्हणायचंही सोडलं होतं.

शेवटचं घर त्यांच्या थोरल्या बहिणीचं, ठमाबाईंचं. नजर गेलेली, कानानं मात्र तिखट. मी सांगितलं ते त्यांनी ऐकलं आणि तोंडाचं बोळकं उघडून विचारलं, "कुत्र्यांना पाय नाय काय? सोताच्या पायानं नाय फिरत ते?"

तीन दिवस बोलून माझा घसा बसला होता. मी आवाज गोळा करेपर्यंत मागून हैबतरावांचा तो मोठा आवाज आला.

"पाय हायत गो आक्का. पन त्यांच्या मालकांना येळ नाय. म्हनून आमचा महिपती त्यांना फिरवतो. रोह्याचे मोठे मोठे सायब त्याच्या भरवशावर कुत्रे सोडतात."

"आमचा म्हंजी?" ठमाबाईंनी विचारलं. "कोन लागतो तो आपला?"

"आपल्या सुनेचा भाव," हैबतराव म्हणाले.

मी त्याच ओटीवर खाली बसलो. घरातून कुणीतरी पाण्याचा तांब्या आणला. तो मी तसाच तोंडाला लावला आणि संपल्यावर अजून एक मागितला.