एक सोडून मोजा

या मित्रांनो, असे जवळ या. मागच्यांनी जरा पुढे सरका, कारण माझा आवाज बारीक आहे. आज तुम्हांला एका मोडक्या टोकाची, एका आडमुठ्या गुडघ्याची आणि दोन पायऱ्यांची गोष्ट सांगते. मध्येच उठायचे नाही. वर्गात तुम्ही उठता ते पुरे झाले!

मी एक जुनी पोलादी पट्टी आहे. शाळेतल्या तंत्रज्ञानाच्या वर्गात, खिडकीशेजारच्या फळीवर, खिळ्याला टांगलेली असते. म्हणजे टांगलेली असायला हवी. प्रत्यक्षात मी टेबलाखाली, भुशात किंवा कुणाच्या तरी दप्तरात सापडते.

माझा जन्म कारखान्यातला. मोठ्या पत्र्यातून मला कापले, घासून लखलखीत केले आणि अंगावर एकेक रेघ कोरली. ज्याने कोरली त्याचा हात देवाने धरला असावा, इतक्या त्या नेटक्या होत्या. खोटे बोलायचे नाही, एवढा एकच उपदेश घेऊन मी जगात आले. शाळेत आले तेव्हा मुले माझ्यात तोंड बघून भांग पाडत. बाई म्हणाल्या होत्या, ‘‘हिला जपा रे. हिच्यावर सगळ्यांचं काम उभं आहे.’’

जपले हो, फार जपले! माझी तलवार केली, पाठ खाजवायला घेतले, डिंक पसरायला घेतले. टेबलाच्या कडेवर दाबून टण्णकन वाजवले, त्याची मात्र माझी तक्रार नाही. तो सूर ऐकला की माझ्यातही देवाने एक तार घातली आहे असे वाटून मला बरे वाटे. पण एका शहाण्याने रंगाच्या डब्याचे झाकण उघडायला माझे टोक खुपसले आणि वर लोंबकळला. झाकण हलले नाही. माझे टोक मात्र वाकले ते वाकलेच. शेवटी बाईंनी करवतीने ते एकच्या रेघेवर कापून टाकले.

तेव्हापासून माझे पहिले सेंटिमीटर नाही. मी एकपासून सुरू होते. बाईंनी त्या टोकाला लाल रंग लावला आणि वर्गाला मंत्र दिला, ‘‘एक सोडून मोजा.’’ म्हणजे तीस हवे असतील तर एकतीसच्या रेघेवर खूण करायची. सोपे आहे ना? पहिलीतल्या पोराला कळेल. पण रंग झिजला, मंत्र शिळा झाला, आणि दरवर्षी कुणाचा तरी खण बसेना, कुणाचा दरवाजा लागेना. मग सगळे माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, ‘‘ही पट्टीच भिकार आहे!’’ अरे बाबांनो, मी माझे आकडे कपाळावर घेऊन फिरते. तुम्ही ते वाचत नाही, त्याला मी काय करू?

असो. माझे रडगाणे लांबले. आता मूळ आख्यानाला हात घालू.

त्या वर्षी बाईंनी प्रकल्प दिला. घरातल्या एका माणसाची अडचण शोधा, त्याला विचारा, आणि त्याच्यासाठी वस्तू तयार करा. किती सुंदर विषय! निम्म्या वर्गाने काय केले असेल? मोबाईलचा स्टँड. बाईंनी एकाला विचारले, ‘‘हा कुणासाठी?’’

‘‘आजीसाठी.’’

‘‘आजीकडे मोबाईल आहे?’’

‘‘नाही बाई. पण घेतला तर?’’

मी खिळ्यावर डोके आपटून घेतले असते, पण मला डोके नाही. आणि टोक आधीच गेलेले.

खरी अडचण घेऊन आली होती एकच मुलगी. सारखी हातात चिमटा धरून बारीकसारीक जोडत बसे, म्हणून तिला सगळे चिमटी म्हणत. तिचे आजोबा शिंपी. आता काम सोडलेले. सकाळी मागच्या अंगणात उन्हाला बसून देवाचे नाव घ्यायचे, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. पण मागच्या दाराची पायरी खचली आणि ते पडले. तेव्हापासून गुडघा आखडला आणि मनाने भीती घेतली. ते खिडकीशी बसून अंगणाकडे नुसते बघत राहत. कुणी हात द्यायला गेले की म्हणत, ‘‘नको, मी आतच बरा.’’ चिमटीला त्यांच्यासाठी लाकडी पायरी करायची होती. ती म्हणाली, ‘‘एकदा का पायरी डगमगली ना, की आजोबा पुन्हा कधीच बाहेर येणार नाहीत.’’

तिच्या जोडीला दिला तो मुलगा, ज्याला वर्ग घोडा म्हणे. उंच, हसरा, मनाने लोणी. पण घाई एवढी की शेपटीला आग लागल्यासारखी. चिमटीने तीन पायांची मापे घेतली, एक सोडून, नीट. चौथा पाय घोड्याने मोजला. माझे टोक लाकडाला लावले, आकडा बघितला, खूण केली, करवत चालवली. मी ओरडत होते. पट्टीचे कोण ऐकतो!

पायरी उभी राहिली आणि डुगडुगली.

‘‘सोप्पं आहे गं,’’ घोडा म्हणाला, ‘‘बाकीचे तीन जरा कापू.’’

‘‘पट्टी लाव आधी.’’

‘‘अगं, डोळ्यांना दिसतंय की! पट्टी कशाला?’’

कापले. आता दुसरीकडून डुगडुगली. पुन्हा कापले. मग तिसरीकडून. मित्रांनो, मी समोरच्या टेबलावर पडले होते. हात लांब केला असता तर मिळाले असते. पण नाही! कापा, हलवा, शिव्या घाला, पुन्हा कापा. शेवटी ती डगमगायची थांबली खरी, पण तोवर पायरीचा पाट झाला होता.

बाई येऊन बघत राहिल्या. ‘‘ही पायरी आहे की मांजराला झोपायला केलंय?’’

चिमटीच्या डोळ्यांत पाणी आले. ‘‘याने वाटोळं केलं बाई. मी माझ्या गुडघ्याएवढी आखली होती.’’

‘‘तुझ्या?’’ बाई म्हणाल्या. ‘‘चढणार कोण आहे?’’

‘‘आजोबा.’’

‘‘मग आजोबांचा पाय किती उचलतो?’’

इतके दिवस झाले, ज्याच्यासाठी सगळा खटाटोप चालला होता त्या माणसाला कुणी विचारलेच नव्हते! माझ्या रेघा वाचत नाहीत म्हणून मी इतकी वर्षे करवादत होते. ही तर समोरचा जिवंत माणूस वाचायला विसरली होती.

त्या दिवशी मी चिमटीच्या दप्तरात गेले. मला चोरून नव्हे, बाईंना विचारून नेले. तिच्या हातात ती बुटकी पायरी, आणि मागे घोडा, मान खाली घातलेला.

आजोबा खिडकीशी होते. चिमटी त्यांच्यापुढे जमिनीवर बसली.

‘‘आजोबा, खुर्चीला धरून उभे राहा. पाय उचला बरं. दुखेल तिथे थांबा.’’

‘‘हे काय गं आता?’’

‘‘माप घ्यायचंय.’’

आजोबा हसू लागले. ‘‘चिमे, जन्मभर मी दुनियेची मापं घेतली. माझं माप घेणारी तूच पहिली.’’

त्यांनी पाय उचलला. थोडासाच. मग तोंड आवळले आणि थांबले. चिमटीने मला त्यांच्या तळव्याखाली उभे धरले आणि आकडा वाचला. एक सोडून. मग तिने ती बुटकी पायरी ओढून शेजारी ठेवली. तळवा आणि फळी अगदी एका पातळीत! म्हणजे पायरी आधी आखलेल्या मापात, देखणी, मुळीच न डगमगणारी झाली असती, तरी आजोबांचा पाय तिच्यावर पोचलाच नसता.

‘‘बघ,’’ घोडा हळूच म्हणाला, ‘‘बरोबर कापली होती.’’

‘‘गप रे!’’ चिमटी म्हणाली, पण हसली.

मग दोघांनी मागच्या दाराच्या उंबऱ्याची अंगणापासूनची उंची मोजली. ती अशा तीन पावलांची भरली. एक पाऊल या बुटकीचे. तिच्यामागे तिच्या दुप्पट उंच दुसरी हवी, म्हणजे तिसरे पाऊल थेट दारात. ती दुसरी घोड्याने केली. प्रत्येक पाय मोजताना तो मोठ्याने ‘‘एक सोडून, एक सोडून’’ म्हणत होता, जसा काही नामजपच. वर्ग हसला. हसेना का! चारही पाय एकसारखे आले.

प्रदर्शनात पहिले बक्षीस कुणाला मिळाले? दिवे लावलेल्या मोबाईलच्या स्टँडला. मी आता काही बोलत नाही.

पण सुटीच्या दिवशी सकाळी दोन्ही पायऱ्या मागच्या दाराशी बसल्या. शेवटचे माप बघायला मी होतेच. आजोबांनी चौकट धरली. एक पाय खाली सोडला आणि टेकवला. पायरी हलली नाही. तरी ते बराच वेळ तसेच उभे राहिले. घोड्याने हात पुढे केला, तो चिमटीने मागे ओढला. मग दुसरा पाय. मग बुटकी. मग माती. आजोबा अंगणात उन्हात उभे राहिले, डोळे मिटले, आणि गुणगुणू लागले. त्या सुरापुढे माझी टण्ण म्हणजे काहीच नव्हे.

या आनंदात मी तिथेच, दारात राहिले. विसरले मला! सवयच आहे. पण आजोबांनी मला उचलले, माझ्या कापलेल्या टोकावरून अंगठा फिरवला आणि शिवणाच्या डब्यातून लाल दोरा काढला. त्या टोकाला फेऱ्यावर फेरे घट्ट गुंडाळले आणि वर इवलीशी गाठ मारली. रंग झिजतो. दोरा बोटाला लागतो. आता न बघताही हाताला कळते की इथे एक नाही.

मित्रांनो, मी पुन्हा खिळ्यावर आले आहे. माझे मागणे फार नाही. मला जागेवर टांगा. माझ्या टोकाने डबे उघडू नका. आणि ज्याच्यासाठी काही कराल, त्याला आधी विचारा. एवढे सांगूनही काल एकजण तो दोरा नखाने उकलत बसला होता! अरे, नको रे उकलू. बोटाला ती गाठ लागली की क्षणभर थांबा, आणि दारात एक पाय खाली सोडून उभ्या राहिलेल्या त्या आजोबांची आठवण काढा.