बोटभर आखूड पाय

रविवारी सकाळी कर्वेनगरातल्या ‘सरळ कणा’ या, हातांनी मणके ‘बसवून’ देणाऱ्या कायरोप्रॅक्टिक क्लिनिकमध्ये उभं राहायला जागा नव्हती. कोणी खराडीहून आलेलं, कोणी नारायण पेठेतून. सगळे मोबाइलवरची जाहिरात बघून. गोळ्या नाहीत, ऑपरेशन नाही. एक ‘कट्ट’, की आखूड पाय लांब!

टेबलावर विमलाबाई आडव्या होत्या. सत्तरी ओलांडलेली, कमरेतून कळ निघायची आणि डावं पाऊल फरफटत चालायच्या. पायांत क्लिनिकनेच दिलेले पांढरे बूट. क्लिनिक चालवणाऱ्या सौरभ सरांनी त्यांच्या दोन्ही टाचा धरून उचलल्या. डावा पाय खरंच बोटभर आखूड दिसत होता.

“बघितलंत? पाय खोटं बोलत नाहीत! कण्याचं कुलूप अडकलंय, किल्ली आमच्या हातात आहे.”

विमलाबाईंना कुशीवर वळवून त्यांनी कमरेला हिसडा दिला. कट्ट! पुन्हा टाचा जुळवल्या. दोन्ही पाय सारखे. टाळ्याच टाळ्या.

हे सगळं मोबाइलवर टिपत होती अक्षता. क्लिनिकच्या जाहिराती तीच करायची, त्यातला आवाजही तिचाच. विमलाबाई तिच्या शेजारच्या. त्यांच्या सोबतीला अक्षताची आई आली होती, चंपाबाई, विज्ञानाच्या निवृत्त शिक्षिका.

“आता माझे पाय बघा,” चंपाबाई म्हणाल्या.

“या ना. आधी हे बूट घाला.”

“का? आपण पाय मोजता की बूट?”

गर्दीत कोणीतरी फिस्सकन हसलं. “व्हिडिओत उठून दिसतात, मॅडम,” सर म्हणाले. चंपाबाईंनी बूट चढवले आणि आडव्या झाल्या. सरांनी टाचा उचलल्या. “उजवा आखूड!”

“तसेच धरा. सोडू नका. अक्षता, डावी टाच जवळून घे.”

अक्षता वाकली. डाव्या टाचेत आणि बुटाच्या तळात बोटभर पोकळी होती.

“एक बूट हळूच खाली ओढला, म्हणून दुसरा पाय आखूड दिसला,” चंपाबाई उठून बसत म्हणाल्या. “हिसडा दिल्यावर तो परत वर ढकलायचा. झाले सारखे!”

“आणि तो कट्ट आवाज?” कोणीतरी विचारलं.

“बोटं मोडल्यावर येतो तोच. सांध्यातल्या द्रवात बुडबुडा होतो, त्याचा. हाड जागेवर बसल्याचा नव्हे.”

“पण लोकांना बरं वाटतं, त्याचं काय?” सर चिडले. “व्हिडिओ आहेत!”

“ज्यांना बरं वाटलं नाही,” अक्षता कशीबशी म्हणाली, “त्यांचे व्हिडिओ मी काढून टाकते.”

विमलाबाई टेबलावरून उतरल्या, बूट काढले, चार पावलं टाकली. डावं पाऊल फरशीवर तसंच फरफटलं.

“कमरेच्या ऑपरेशनची गेल्या महिन्यातली तारीख मी रद्द केली गं,” त्या अक्षताला म्हणाल्या. “रोज जाहिरातीत तुझा आवाज ऐकायचे. म्हटलं, आपली पोरगी खोटं कशाला सांगेल?”

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. अक्षताला मान वर करता येईना.

तिने त्याच दिवशी काम सोडलं आणि टाचेचा व्हिडिओ सगळीकडे टाकला. विमलाबाईंना ती स्वतः इस्पितळात घेऊन गेली. ऑपरेशन झालं, कळ थांबली. पण पाऊल पूर्वीसारखं उचलत नाही. “नस फार दिवस दबलेली राहिली,” डॉक्टर म्हणाले. विमलाबाई अजूनही तिला हाक मारून चहाला बोलावतात. ती जाते, आणि खाली बघत चहा पिते.

वेदनेने गांजलेला माणूस भोळा नसतो, थकलेला असतो. म्हणून त्याच्या आसपासच्यांनी तरी डोकं जागेवर ठेवावं. चमत्कार दिसला की टाळी वाजवण्याआधी जवळ जाऊन बघावं. आणि जे आपण तपासलेलं नाही, त्याला आपला आवाज देऊ नये.