माझी सोळा भोकं

मी एक जुनी ओबी व्हॅन आहे, मित्रांनो, आणि तुमच्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. तोंडावर सांगितलेलं बरं. तुम्ही उत्तनकडे फिरायला येता, तारोडीत माझ्या नाकाला टेकून, दोन बोटं वर करून फोटो काढता आणि विचारता, "ही आइस्क्रीमची गाडी होती का हो?" आइस्क्रीम! मैदानात उभी राहून तिथला सामना त्याच क्षणी घराघरातल्या टीव्हीवर पोचवणारी गाडी मी. तीन कॅमेऱ्यांची चित्रं माझ्या पोटात एकाच वेळी यायची. त्यातलं कोणतं दाखवायचं हे ठरवायला आठ माणसं घाम गाळायची. तुमच्या खिशातला तो पापडाएवढा फोन दिवसाला चारशे फोटो काढतो, आणि त्यातला एकही तुम्ही पुन्हा बघत नाही.

माझा जन्म पन्नास वर्षांपूर्वीचा. ट्रकच्या सांगाड्यावर पत्र्याची खोली चढवली, खोलीत यंत्रं बसवली, आणि यंत्रं तापतात म्हणून माझ्या दोन्ही कुशींना मिळून सोळा भोकं पाडली. ती लक्षात ठेवा.

काय काय दाखवलं म्हणून सांगू! एकदा तर चेंडू टाकायच्या आधीच मी त्रिफळा दाखवला. बिचाऱ्या गोलंदाजाला मग तसाच चेंडू टाकावा लागला. एका पुढाऱ्याचं भाषण इतकं लांबलं, की माझ्या केबलवर चिमण्यांनी घरटं बांधलं, पिल्लं मोठी होऊन उडून गेली, तरी "शेवटी एवढंच सांगतो" चालूच. खोटं वाटतंय? वाटू द्या. तुम्हाला दोन डोळे, मला तीन होते.

मग चिमुकल्या नव्या गाड्या आल्या, आणि ज्यांनी मला हार घातले त्यांनीच मला लिलावात काढलं. घेतलं कोणी? माझ्याच पोटात सव्वीस वर्षं तारा जोडत बसलेल्या कॅजिटननं. त्यानं मला तारोडीत आपल्या भावाच्या जागेत आणून उभी केली, "रिटायर झालो की दुरुस्त करतो" म्हणाला, आणि रिटायर झाल्यावर वीस वर्षं नुसता म्हणतच राहिला. टपावर बोंबील वाळले. दिग्दर्शकाच्या खुर्चीत कोंबडी अंडी घालू लागली. ओरडणं मात्र दोघांचं सारखंच.

भाऊ वारला आणि जागा त्याच्या मुलीकडे, जेसिकाकडे गेली. तिचं तिथे गेस्टहाऊस.

"अंकल, मला पार्किंग पाहिजे. माझे गेस्ट गाड्या काय डोक्यावर घेऊन झोपणार?"

"चालू होईल गं ती, बाय. जरा थांब."

"वीस वर्षं तेच ऐकतेय. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी पडद्यावर चित्र दिसलं तर ठेवा. नाहीतर अल्पेशभाईंना देऊन टाकणार."

अल्पेश हा शांती नगरचा भंगारवाला. कलिंगड पारखावं तसं त्यानं मला बोटाच्या पेरानं ठोकून पाहिलं. "काका, टेन्शन नको. एकदम प्यारसे तोडू."

प्यारसे!

तेव्हा कुठे कॅजिटन जागा झाला. तीन आठवडे दार उघडं टाकून त्यानं तार न् तार जोडली, मला चालू करून पाहिली. गंजलेला पत्रा मात्र त्याला जमेना, म्हणून त्यानं होड्या दुरुस्त करणाऱ्या धर्माला बोलावलं. मला किळस आली. लाटांशी झटापट करणाऱ्या लाकडांचा हा वैद्य, अंगाला माशाच्या तेलाचा वास, आणि हा मला हात लावणार? त्यातच शेवटच्या आठवड्यात कॅजिटन मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेला. "बाहेरचं सगळं तू बघ," धर्माला सांगून गेला.

धर्मानं बघितलं. गंज खरवडला, तेल पाजलं, आणि मग कापसाच्या वाती राळेत बुडवून माझी भोकं एकेक करून ठोकून बुजवली. सोळाच्या सोळा! समोर मासळीची पाटी घेऊन बसणाऱ्या हौसाबाईनं टोकलंसुद्धा.

"काय रं, ही काय दर्यात जायाची हाय?"

"होरीला भोक ठेवतात काय, मावशी? पाऊस आत गेला तर?"

वरून निळा रंग चढला. आता भोकं कुणाला दिसणार? मी ओरडले असते, पण मला तोंड दिलंय कुणी?

रविवार आला. गाव जमलं. अल्पेश साखळी घेऊन आधीच हजर. एका डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेल्या कॅजिटननं कॅमेरा कुंपणाशी लावला, आत शिरला, उजेडात पडदा दिसत नाही म्हणून दार लावून घेतलं आणि मला चालू केलं. पडदा राखाडी उजळला. चार मिनिटांत माझ्या पोटाचा तवा झाला आणि सगळं आपोआप बंद पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा बंद. कॅजिटन घामानं निथळत बाहेर आला.

"परवापरवापर्यंत चालत होती गं..."

"मी थांबले ना, अंकल?" जेसिका हळूच म्हणाली. अल्पेशनं साखळी उचलली.

तेवढ्यात धर्मानं, होडीत पाणी कुठून येतंय हे तळव्यानं चाचपावं तसा, माझ्या कुशीवर हात ठेवला आणि चटका बसून मागे घेतला.

"दादा, हिचा जीव कोंडलाय! मीच कोंडला, माझ्या ह्या हातानं!"

त्यानं पटाशी घेतली आणि सोळाही वाती उपसल्या. मी असा श्वास सोडला, मित्रांनो, की तारोडीच्या कोंबड्या उडून थेट लांब शहरातल्या नया नगरात उतरल्या.

थोडं निवल्यावर कॅजिटननं बटण दाबलं. चित्र आलं. काळं-पांढरं, जरासं तिरकं, आणि त्यात हौसाबाई माश्या हाकलताना. कॅजिटननं पडदा दारात आणून वर गोणपाट धरलं, तसं तिला बसल्या जागेवरूनच आपलं तोंड दिसलं.

"ह्ये माझं नाक? एवढं?"

"नाक तेवढंच हाय, मावशी," धर्मा म्हणाला, "आज दिसलं."

तिनं नाक चाचपून पाहिलं. "मंग र्‍हाऊ दे."

आजवर मी दाखवलेल्या बड्या माणसांपैकी असं कुणीच बोललं नाही. कॅजिटन उघड्या डोळ्यानं रडत होता. जेसिकानं त्याच्या हातातला रुमाल घेऊन त्याचा चेहरा पुसला आणि म्हणाली, "गाड्या मागच्या अंगणात लावेन." आणि अल्पेश? साखळी खाली टाकून, खिशातला कंगवा काढून, भांग पाडत तो कॅमेऱ्यापुढच्या रांगेत उभा राहिला. प्यारसे.

म्हणून सांगते, घरात जुनं काही असेल, यंत्र असो नाहीतर माणूस, तर रंगाचा डबा उघडण्याआधी ते श्वास कुठून घेतं एवढं पाहून घ्या. तुम्ही पाहणार नाही, हे मला ठाऊक आहे. धर्मा मात्र आता दर रविवारी येतो, तळवा लावून माझी सोळा भोकं मोजतो. आणि त्याच्या अंगाच्या वासाबद्दल मी हल्ली काही बोलत नाही.

कोंबड्यांचं खोटं वाटत असेल तर नया नगरात जाऊन विचारा. एक अजून परतलेली नाही.