दुसऱ्या नंबरची पोर

“पहिली येऊ नकोस गं राणी. पहिलीचं नाव विचारतात, मग गाव विचारतात, मग कागद मागतात.” शाळेच्या पहिल्या दिवशी वेणी घालताना आई म्हणाली होती. या देशात राहायचे कागद मायलेकींकडे नव्हतेच.

म्हणून शर्यतीत लेक वाऱ्यासारखी धावायची आणि शेवटच्या रेषेपाशी आली की तिला काहीतरी व्हायचं. कधी बुटाची नाडी सुटायची, कधी डोळ्यात चिलट जायचं. पळण्यापेक्षा हरण्याचाच सराव तिला जास्त करावा लागे.

खेळाच्या बाई वस्ताद. त्यांनी बिननाडीचे बूट आणले, वर चष्माही दिला.

“आता काय, पोटात दुखणार?”

“बघू, बाई.”

निवडीच्या शर्यतीत शेजारची पोर खिजवत म्हणाली, “दुसरा नंबर तुझाच ना गं?” मग पाय कुणाचं ऐकतात? ती पहिली आली आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला.

“आता परदेशात पळायचं. उद्या पासपोर्ट आण,” बाई म्हणाल्या.

“तो धुण्यात गेला, बाई.”

“मग वाळला की आण.”

तिला हसू आलं, आणि अर्ध्यातच विरलं.

“तो नाहीच, बाई. माझा नाही, आईचाही नाही. म्हणून दर वेळी मुद्दाम हरायचे.”