तिसरं ‘नको’

बर्फ मी फार लवकर काढला. रोझाल्बा सहा वाजता येते म्हणाली होती आणि मी साडेपाचलाच पेल्यांत बर्फ भरून बसले. बसले कुठे, उभीच होते. तळाशी पाणी जमलं, ते ओतलं, पेले पुसले, फ्रीजरपर्यंत गेले आणि तशीच परत आले. स्प्रिट्झ करायला काही अक्कल लागत नाही, घाई तेवढी करायची नसते. आधी बर्फ, त्यावर फसफसणारी प्रोसेक्को वाइन, मग ती नारिंगी कडवट दारू, शेवटी सोड्याचा फवारा, आणि चमचा एकदाच खालून वर. पादोव्हात वाढलेल्या माणसाला हे कोणी शिकवत नाही. पण त्या संध्याकाळी माझे हात माझं ऐकत नव्हते. संत्र्याच्या चकत्या जाड झाल्या म्हणून दुसरं संत्रं घेतलं, तर त्या इतक्या पातळ झाल्या की पलीकडचं दिसावं.

रोझाल्बा माझी सून. म्हणजे होती. गेल्या वर्षी माझा डेनिस आणि ती वेगळे झाले. डेनिस आता एका दातांच्या डॉक्टरणीबरोबर व्हिचेंझाला राहतो आणि दर रविवारी फोन करून सगळं छान चाललंय असं सांगतो. त्याचं चाललं असेल. रोझाल्बाने मात्र माहेरी, सालेर्नोला, शाळेत नोकरी मिळवली होती, आणि इथल्या शाळा संपल्या की ती नोएमीला घेऊन तिकडे जाणार होती. नोएमी माझी नात, पाच वर्षांची. बुधवारी तिला शाळेतून मी आणते. रस्त्यात ती प्रत्येक कुत्र्याला नाव ठेवते आणि पुढच्या बुधवारी ते बदलते. आम्ही इटलीच्या उत्तरेला, सालेर्नो म्हणजे देशाचं दुसरं टोक. तिथून बुधवार कसा आणायचा?

मला रोझाल्बाला एवढंच सांगायचं होतं: जाऊ नकोस. त्यासाठी हा सगळा घाट.

तेवढ्यात ब्रुनाचा, माझ्या बहिणीचा, फोन आला. तिला वाटतं मला काहीच जमत नाही आणि ते ती वेळेवर सांगते.

“नुसतं प्यायला बोलावलंस?” ती म्हणाली. “पोरगी देश सोडून निघाल्यासारखी निघालीय आणि तू तिला आपेरितीवोवर कटवतेस? जेवायला बोलवायचं होतंस ना, निवेस.”

“जेवायला बोलावलं की ती नाही म्हणते.”

“नेहमी?”

“सात वर्षं.”

हे अगदी खरं होतं. लग्न झाल्यापासून मी तिला जितक्या वेळा विचारलं, जेवून जातेस का, तितक्या वेळा ती म्हणाली, नको सिन्योरा, कशाला त्रास. मग मी तिला जॅकेट आणून द्यायची. पण जेवणाआधीचा एक पेला, खिडकीशी उभ्या उभ्या, त्याला कोण नाही म्हणतं? आपेरितीवोला ये याचा अर्थच असा की तासाभराने तू मोकळी आणि मीही मोकळी. कोणावर ओझं नाही. तासाभरात एक वाक्य बोलायला मला जमलं पाहिजे होतं.

सोबत खायला मी बाकाला घोटला होता. हा वाळवलेला मासा दोन दिवस पाण्यात ठेवायचा, शिजवायचा, काटे काढायचे, आणि मग लाकडी चमच्याने घोटत त्यात तेलाची बारीक धार सोडायची, तो लोण्यासारखा पांढरा होईपर्यंत. मिक्सरमध्ये घातला की त्याचा डिंक होतो. मी सकाळपासून घोटत होते. खरं तर तो दुपारीच झाला होता, पण चमचा ठेवला की मला घरात येरझाऱ्या घालाव्याशा वाटायच्या, म्हणून घोटतच राहिले. मक्याच्या पोलेंत्याच्या वड्या तव्यावर भाजल्या, त्यावर बाकालाचा एकेक गोळा. उकडलेली अंडी अर्धी करून त्यावर खारवलेली मासळी. ऑलिव्ह. नोएमीसाठी बटाट्याचे वेफर्स. टेबल बघून मीच मला म्हटलं, बाई, एवढ्यात चार माणसं जेवतील. आणि दोन वड्या स्वतःच खाऊन टाकल्या.

सहा वाजून गेले. सव्वासहा. मी खिडकीतून रस्त्याकडे बघितलं, मग दाराशी जाऊन लिफ्टचा आवाज ऐकला. आमच्याकडे सहा म्हणजे सहा. तिच्याकडे सहा म्हणजे काय असतं ते देवालाच ठाऊक. साडेसहाला बेल वाजली तेव्हा मी चिडलेली होते आणि चिडल्यामुळे जरा बरं वाटत होतं.

नोएमी आत धावली ती थेट गॅलरीत, समोरच्या मांजराला बघायला. रोझाल्बाच्या हातात नेहमीसारखा पेस्ट्रीचा पुडा होता, सोनेरी दोरी बांधलेला. मीही नेहमीसारखा तो घेतला, आभार मानले आणि फ्रीजमध्ये ठेवला. सात वर्षं ती हे पुडे आणते. कडू दारूबरोबर गोड कोण खातं, असं दरवेळी माझ्या मनात येतं आणि दुसऱ्या दिवशी मी एकटी बसून ते क्रीम खाते.

मी पेले भरले. सोडा जास्त पडला. चिन चिन म्हणून पेले टेकवले. त्या वेळी एकमेकींच्या डोळ्यांत बघायचं असतं, पण ती ऑलिव्हकडे बघत होती आणि मी तिच्या कानातल्यांकडे. मग आम्ही सामानाच्या ट्रकबद्दल बोललो. हवेबद्दल बोललो. बाकाला फार सुरेख झालाय असं ती म्हणाली आणि एकच वडी खाल्ली. मी ताट पुढे केलं, ती नको म्हणाली, मी ताट मागे घेतलं. सालेर्नोत नोएमीची शाळा घरापासून लांब आहे का, असं मी विचारलं. जवळ आहे म्हणाली. जवळ असल्याचा मला राग आला.

माझं वाक्य घशाशी येत होतं आणि मी त्यावर स्प्रिट्झ ओतत होते. दर थोड्या वेळाने मी उठत होते. रुमाल आणायला, खिडकी उघडायला, तीच खिडकी लावायला. दुसरा पेला विचारला, नको म्हणाली. पेल्यात बर्फ वितळून रंग फिका झाला. मग तिने घड्याळाकडे बघितलं आणि नोएमीला हाक मारली.

“जेवून जातेस का?” मी विचारलं. तासाभरात मला हे एवढंच सुचलं.

“नको सिन्योरा. कशाला त्रास.”

“बरं,” मी म्हणाले, आणि तिचं जॅकेट आणायला गेले.

जॅकेट घेऊन आले तर ती टेबलाशी तशीच उभी होती आणि हसत होती. चांगलं हसू नव्हतं ते.

“एक सांगू?” ती म्हणाली. “आता जातेच आहे तर सांगते. माझं जॅकेट जगात तुमच्याइतक्या लवकर कोणी आणून देत नाही.”

“तू नको म्हणालीस.”

“मग काय म्हणू? पहिल्यांदा विचारल्यावर हो म्हणायचं असतं? उपाशी असल्यासारखं?”

मला कळेना. मी म्हटलं, हो म्हणायचं असलं तर हो म्हणायचं. आमच्याकडे नको म्हणजे नको. पुन्हा विचारणं म्हणजे समोरच्याला स्वतःचं मन कळत नाही असं म्हणणं. माझ्या आईने आम्हाला हेच शिकवलं, कोणाच्या मागे लागायचं नाही.

“आणि माझ्या आईने मला शिकवलं की पहिल्यांदा नाही म्हणायचंच. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा विचारलं तर मनात असेल ते सांगायचं,” रोझाल्बा म्हणाली. “सात वर्षं तुम्ही एकदा विचारता आणि गप्प होता. मला वाटायचं, बाईंनी विचारायचं म्हणून विचारलं, आता मी निघावं म्हणून वाट बघतायत. अहो, मी दरवेळी पेस्ट्री आणते. ती काय स्प्रिट्झबरोबर खायला? ती जेवणानंतरची असते.”

मी फ्रीजकडे बघितलं. मला हसू येत होतं आणि अंगावर काटाही येत होता.

“नोएमी झाली तेव्हा,” ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज खाली आला, “तुम्ही फोनवर विचारलंत, येऊ का मदतीला? मी म्हटलं, नको, आम्ही बघतो. महिनाभर मी दाराकडे बघत होते. डेनिसला बाळाचा साधा लंगोट बदलता येत नव्हता.”

त्या महिन्यात माझी बॅग भरून पलंगाखाली होती. सुनेला मी नको आहे, असं ब्रुनाला सांगून मी रडले होते. हे मी रोझाल्बाला सांगितलं. जॅकेट हातात धरूनच सांगितलं. ती खुर्चीवर बसली.

“पोलेंता खाणारी माणसं तुम्ही उत्तरेकडची,” ती डोळे पुसत म्हणाली. “डोक्यातही पोलेंताच.”

“आणि तुम्ही अर्धा तास उशिरा येणारी.”

“सहाला बोलावलं की साडेसहाला यायचं असतं. बाईची तयारी झालेली नसते.”

“माझी साडेपाचलाच झाली होती.”

मी जॅकेट परत खुंटीला लावलं. मग तिच्यासमोर येऊन उभी राहिले. “जेवून जा,” मी म्हणाले.

“नको, खरंच, नोएमीला झोप येईल,” ती म्हणाली. ती बघत होती माझ्याकडे, परीक्षा घेतल्यासारखी.

“जेवून जा, रोझाल्बा.”

“बरं,” ती म्हणाली. “काय केलंय?”

काहीच केलं नव्हतं. मी तिला प्यायला बोलावलं होतं. तिने फ्रीज उघडला, लसूण शोधला, पाण्याचं मोठं भांडं चढवलं आणि माझ्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा माझ्या डब्यांना हात लावला. मीठ कुठे आहे ते न विचारता तिला सापडलं. उरलेला बाकाला तिने गरम तेलात सोडला, एवढा घोटलेला मासा, आणि मी तोंडातून शब्द काढला नाही. स्पगेत्तीत तो इतका चांगला लागला की मला राग आला. नोएमीने दोनदा घेतली. तिने अजून मांजराचं नाव ठरवलं नव्हतं.

पेस्ट्रीचा पुडा मी टेबलावर आणला. सोनेरी दोरी रोझाल्बाने सोडली. आता मला बोलायलाच हवं होतं, आणि आता मला रीत माहीत झाली होती.

“जाऊ नकोस,” मी म्हणाले.

तिला लगेच कळलं मी कशाबद्दल बोलतेय. “नाही सिन्योरा. ठरलंय ते.”

“जाऊ नकोस. खालच्या मजल्यावर घर रिकामं आहे. तू कामाला जा, पोरीला मी बघते.”

“नाही,” ती हळू म्हणाली.

आयुष्यात मी कोणाकडे एकच गोष्ट तीनदा मागितली नव्हती. नवरा आजारात हॉस्पिटलला जायला तयार नव्हता तेव्हाही नाही.

“रोझाल्बा, जाऊ नकोस.”

तिने माझा हात धरला.

“नाही,” ती म्हणाली. “तिकडे माझी आई आहे, बहिणी आहेत, मला तिथे एकटं वाटत नाही. मला जायचंय.”

हे तिसरं होतं. हे खरं होतं. मला वाईट वाटलं, इतकं की हातातली पेस्ट्री मी खाली ठेवली, पण ज्या नकाराला मी सात वर्षं घाबरत आले तो हा नव्हता. हा मला माझ्याबद्दल नाही, तिच्याबद्दल सांगत होता. मी मान हलवली. तिने माझा हात सोडला नाही.

“तुम्ही या ना आमच्याकडे,” ती म्हणाली. “ऑगस्टमध्ये. सगळा महिना राहा. घर लहान आहे, पण समुद्र जवळ आहे. नोएमी तुम्हाला तिकडची कुत्री दाखवेल.”

“नको गं,” मी म्हणाले. “तुम्हाला कशाला त्रास.”

मी हे रीत म्हणून म्हटलं नव्हतं. आम्ही असंच म्हणतो आणि ते मनापासून म्हणतो, कोणाला जड व्हायचं नाही. तोंडातून निघून गेलं आणि मग माझ्या लक्षात आलं. ती बरं म्हणाली तर? एकदा विचारून गप्प बसली तर, माझ्यासारखी?

“त्रास कसला त्यात,” रोझाल्बा म्हणाली. “या.”

मला लगेच हो म्हणायचं होतं. ऑगस्टची बॅग मी मनात भरायलाही घेतली होती.

“नको,” मी म्हणाले, आणि तिच्याकडे बघत थांबले.