गुरुवारची पाळी

आजोबांची शोकसभा बुधवारी संध्याकाळी वसाहतीच्या सभागृहात झाली. तेरा भाषणं, एक तास अठ्ठेचाळीस मिनिटं. मी घड्याळ लावूनच बसले होते. आमच्याकडून डायलिसिसच्या रुग्णालयात गाडीने बावीस मिनिटं लागतात. म्हणजे भाषणांच्या वेळात दोनदा जाऊन-येऊन वर चहाही झाला असता.

तिथे आजोबा पोस्टमनकाकांना नेत. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी साडेसहाला, सहा वर्षं. पोस्टमनकाका निवृत्त, एकटे. जन्मभर लोकांची दारं वाजवली, पण स्वतःच्या कामासाठी एक कडी वाजवायची म्हटली की हात मागे.

कागदोपत्री मात्र हे काम बारा जणांचं होतं. सभागृहाच्या दाराशी दर महिन्याला आजोबांच्या सुवाच्य अक्षरातली पाळ्यांची यादी लागायची. मग आदल्या संध्याकाळी घरी फोन यायचा. "आजोबा, उद्या जरा पाहुणे आहेत हो." आजोबा म्हणायचे, "हरकत नाही, बघतो." बघायचे म्हणजे गाडीची किल्ली बघायचे.

फोन मी उचलायचे, त्यामुळे कारणं मला पाठ. सगळ्यात जास्त पाठदुखी, खालोखाल पाहुणे. यादीतल्या औषधवाल्यांची गाडी तर इतक्या वेळा सर्व्हिसिंगला गेली की कारखान्यातसुद्धा तिला एवढं कुणी तपासलं नसेल. माझे बाबा वरच्या खोलीतून फोन करायचे. जिना उतरून तोंडावर नाही म्हणणं त्यांना जड जायचं. मी यादीत नव्हते. आजोबा गाडी शिकवतो म्हणाले, तेव्हा मीही पाठच पुढे केली होती.

गंमत अशी की प्रत्येकाला वाटायचं, आपलीच पाळी अधूनमधून चुकते, बाकीचे अकरा जण गाडा ओढताहेत. मी एकदा म्हटलं, "सांगून टाका ना एकेकाला." आजोबा म्हणाले, "कुणाला बोलायचं नाही. नाव यादीत आहे तोवर माणूस यायची शक्यता आहे."

तर सभा. वसाहतीचे अध्यक्ष म्हणाले, "आम्ही बारा जण म्हणजे त्यांचा उजवा हात." औषधवाले म्हणाले, "हे व्रत आम्ही खंडित होऊ देणार नाही." टाळ्या पडल्या. मग आजोबांच्या नावाने बाक बसवायचं ठरलं आणि त्याला टेकायला पाठ हवी की नको यावर चौदा मिनिटं गेली.

शेवटी अध्यक्षांना मागच्या रांगेतले पोस्टमनकाका दिसले. "काका, तुम्हीही एखादी आठवण सांगा."

काका खुर्ची धरून उभे राहिले. "आठवण नाही, एक विचारायचं होतं. उद्या मला कोण नेणार? काल कुणी आलं नाही. म्हटलं, दुःखाचं घर, कशाला विचारा. पण आता पाय सुजलेत. डॉक्टर म्हणाले, लागोपाठ दोन खेपा चुकवायच्या नाहीत."

कुणीतरी यादी काढून आणली. गुरुवार: औषधवाले.

"उद्या नेमका दुकानात माल यायचाय," औषधवाले म्हणाले. "मास्तर, अदलाबदल करू या?"

"केली असती, पण माझी पाठ," मास्तर म्हणाले.

"मग शिंपीदादा?"

"माझ्याकडे पाहुणे येतायत."

पाळी सभागृहभर फिरून अध्यक्षांपाशी आली. ते वैतागले. "अरे, मग इतके दिवस नेत कोण होतं?"

"आजोबा," काका म्हणाले.

"म्हणजे, बहुतेक वेळा."

"नाही हो. आजोबाच."

अकरा जण एकमेकांकडे असे बघू लागले, जणू दुसऱ्याने फसवलं. बारावे माझे बाबा. ते बुटांकडे बघत होते. मग तसंच बघत म्हणाले, "मी नेतो."

"तुम्ही?" काकांनी त्यांना नीट न्याहाळलं. "रस्ता माहीत आहे?"

सहा वर्षं यादीत असलेला माणूस म्हणाला, "तुम्ही सांगा ना."

गुरुवारी मीही मागे बसले. काका पुढे बसून पोस्टमनच्या हिशेबाने रस्ता सांगत होते: कुठल्या घरी कुत्रं आहे, कुठल्या घरी पत्रपेटी नाही. बाबा दोनदा चुकले. नऊ मिनिटं उशीर झाला म्हणून नर्सने बाबांना झापलं, काकांना पलंगावर घेतलं आणि वर सांगितलं, "साडेअकराला सुटतील."

"साडेअकरा?" बाबांनी नऊची मीटिंग ठेवली होती. न्यायला हो म्हणताना त्यांनी आणायचं धरलंच नव्हतं. जरा वेळाने त्यांनी हळूच विचारलं, "आजोबा तोवर काय करायचे?"

"इथेच बसायचे," काका म्हणाले. "पहिला तास मी बोलतो. मग मला झोप लागते. जाग आली की कुणी दिसलं तर बरं वाटतं."

बाबांनी ऑफिसला फोन करून आज येत नाही म्हणून सांगितलं. कारण दिलं नाही. मग कोपऱ्यातली खुर्ची ओढून ते पलंगाशी बसले आणि म्हणाले, "हं, बोला."